अर्ध्यावर सोडावी लागली तरी परवडेल अशी एआयची पदवी

गेल्या दिवाळीत फराळाचं ताट बाजूला सारून भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, हे बघ. घरबसल्या एआयमध्ये मास्टर्स. महिन्याला फक्त ६,००० रुपये." खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ३६ हप्ते लिहिले होते. म्हणजे २ लाख १६ हजार. हा गडी अजून बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, आणि त्याला मास्टर्स करायला लोक टपून बसले होते. फॉर्म भरून वीस मिनिटं झाली नाहीत तोच तिसरा फोन आला. पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगत होती, स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच आहे. मी फोन घेतला आणि विचारलं, "ताई, पदवी कोणत्या विद्यापीठाची?" थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "सर, आमचं सर्टिफिकेट इंडस्ट्री रेकग्नाइज्ड आहे."

पदवी नव्हतीच.

तालुक्याच्या गावात ज्युनिअर कॉलेजला संगणक शिकवत असल्यामुळे बारावीचा निकाल लागला की असले प्रश्न घेऊन पालक घरी येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न फीचा असतो. तो रास्तच आहे, पण अपुरा आहे. ऑनलाइन शिक्षण सुरू करणारे पुष्कळ आणि शेवटपर्यंत पोचणारे थोडे, हे या क्षेत्रातलं उघड गुपित. त्यात दरवेळी आळसच असतो असं नाही. घरात आजारपण निघतं, कंपनीची शिफ्ट बदलते, तिसऱ्या महिन्यात गणित अंगावर येतं. म्हणून फी विचारताना त्याच दमात दुसरंही विचारायला हवं: मध्येच थांबावं लागलं तर भरलेल्या पैशांचं काय?

एसटीचं भाडं टप्प्याने लागतं. जिथे उतरायचं तिथपर्यंतचेच पैसे. ऑनलाइन पदवीही अशी टप्प्याटप्प्याने पैसे घेणारी आणि प्रत्येक टप्प्यावर हातात काहीतरी कागद देणारी असेल, तर तिला मी स्वस्त म्हणतो. दोन लाखांचं कर्ज पहिल्याच दिवशी नावावर चढवणारी पदवी माझ्या लेखी महागच, मग जाहिरातीत महिन्याचा आकडा कितीही छोटा दिसो.

पदवीवर सही कोणाची?

आपल्याकडे पदवी कोण देऊ शकतं हे १९५६ च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, कायद्याच्या कलम २२ मध्ये ठरलेलं आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेच्या कायद्याने खास अधिकार दिलेली संस्था, एवढेच. कुठलीही खाजगी कंपनी, ती कितीही मोठी असली तरी, पदवी देऊ शकत नाही. म्हणून जाहिरातीत 'पीजी प्रोग्राम', 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम', 'मास्टर्स प्रोग्राम' असे पदवीसारखे ऐकू येणारे शब्द वापरतात. 'एमएस्सी', 'एमसीए', 'बीसीए', 'बीएस' असं स्पष्ट नाव नसेल तर ते प्रमाणपत्र आहे असं समजूनच पुढचं बोलणं करावं. प्रमाणपत्र वाईट असतं असं नाही. पण पदवीच्या भावाने ते विकत घेऊ नये.

सगळ्यात मोठा गोंधळ आयआयटीच्या नावाने होतो. अनेक आयआयटींचे निरंतर शिक्षण विभाग खाजगी कंपन्यांच्या मदतीने सहा-आठ महिन्यांचे एआयचे प्रमाणपत्र वर्ग चालवतात. शिकवणारे प्राध्यापक खरे, प्रमाणपत्रावरचं बोधचिन्हही खरं. तरीही असा वर्ग केलेला विद्यार्थी आयआयटीचा पदवीधर नव्हे. लग्नाच्या बायोडाटात 'आयआयटी' लिहिलेलं मी पाहिलं आहे; चौकशी केली तर सहा महिन्यांचा वीकएंडचा वर्ग निघाला.

दुसरी गोष्ट थेट बी.टेक.ची. कोणी 'ऑनलाइन बी.टेक. इन एआय' असं सांगून प्रवेश देत असेल तर फोन ठेवून द्यावा. यूजीसीच्या दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या २०२० च्या नियमांत अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, कायदा असे विषय या मार्गाने शिकवायला मनाई आहे. यामागे एक दुखरा इतिहासही आहे. काही अभिमत विद्यापीठांनी २००१ पासून टपालाने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यातल्या २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना नव्याने परीक्षा द्यायला लावली, आणि त्यानंतरच्या तुकड्यांच्या तर रद्दच केल्या. तोवर ही माणसं दहा-दहा वर्षं नोकरी करत होती, काहींना त्या पदवीवर बढती मिळालेली होती. फी भरताना त्यांनाही कोणीतरी 'मान्यता आहे' असंच सांगितलं असणार.

ऑनलाइन चालतात त्या बीसीए, बीएस्सी, एमसीए, एमएस्सी. एआय असलंच तर या नावांच्या पुढे जोडलेलं असतं. विद्यापीठाला असा अभ्यासक्रम चालवायची परवानगी यूजीसीचा दूरशिक्षण विभाग देतो. त्याला सगळे 'डेब' म्हणतात. डेबच्या संकेतस्थळावर विद्यापीठनिहाय यादी असते. त्यात नुसतं विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून हरखून जाऊ नये. आपला नेमका अभ्यासक्रम आणि आपल्या प्रवेशाचं सत्र, दोन्ही त्या यादीत दिसायला हवेत. २०२४ पासून असा प्रवेश घेताना विद्यार्थ्याने स्वतःचा डेब-आयडी काढावा लागतो. तो फुकट निघतो. एखादी संस्था 'आयडीबियडी काही लागत नाही, आम्ही बघतो' म्हणाली, की तिथेच काय ते समजावं.

आयआयटी मात्र या यादीत शोधू नका. त्यांचा कायदा वेगळा, १९६१ चा, आणि पदवी त्यांची सिनेट, म्हणजे प्राध्यापकांची विद्यासभा, देते. तिथे पाहायचं ते एवढंच, की ही सिनेटची पदवी आहे की एखाद्या विभागाचं प्रमाणपत्र. आणि हो, यूजीसी बोगस विद्यापीठांचीही यादी काढते. तिच्यात दिल्लीची नावं भरपूर असली तरी आपल्या नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे.

आत शिकवतात काय?

नावात एआय आहे की नाही याला मी फार किंमत देत नाही, कारण अभ्यासक्रम उघडला की आत जवळपास तेच सापडतं. आधी पायथन या संगणकभाषेत प्रोग्रामिंग, मग संख्याशास्त्र, मग मशीन लर्निंग (यंत्राला उदाहरणांवरून शिकवणं), आणि शेवटी डीप लर्निंग (त्याचाच अनेक थरांचा, खोल प्रकार) वापरून यंत्राला भाषा नाहीतर चित्रं समजावणं. डेटा सायन्स (माहितीच्या साठ्यातून अर्थ काढण्याचं शास्त्र) नावाच्या चांगल्या पदवीत एआयच्या नावाने काढलेल्या ढिसाळ पदवीपेक्षा जास्त एआय असतं.

या सगळ्याच्या तळाशी गणित आहे, आणि ते ओळखीचं गणित आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकातली मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन ही प्रकरणं आठवतात? कॉमर्सच्या गणितातही ती आहेत. मोबाइलने काढलेला फोटो यंत्राला आकड्यांचा तक्ता म्हणून दिसतो, तो तक्ता म्हणजे मॅट्रिक्स. यंत्राने 'हे मांजर' असं चुकीचं उत्तर दिलं की चूक किती झाली त्याचा एक आकडा काढतात. मग आतले लाखो छोटे आकडे कुठल्या बाजूला किंचित सरकवले तर ती चूक कमी होईल, हे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे उताराचा आकडा, सांगतो. दाट धुक्यात गड उतरताना पुढचं दिसत नाही, पण पायाला उतार कळतो आणि माणूस एकेक पाऊल खाली टाकत जातो. यंत्राचं शिकणं हे तसलंच, फक्त पावलं लाखोंनी. आणि यंत्र 'मांजर, ९० टक्के' असं म्हणतं तेव्हा ते प्रॉबॅबिलिटीत बोलत असतं.

म्हणून अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात गणित आणि संख्याशास्त्राचे निदान दोन-दोन विषय नसतील तर मला शंका येते. 'गणिताची गरज नाही' हे वाक्य जाहिरातीत दिसलं तर ती शंका खात्रीत बदलते. चॅटजीपीटीला प्रश्न कसे विचारावेत हे शिकायला पदवीची गरज नसते.

लॅपटॉपबद्दल लोक नाहक घाबरतात. दुकानदार लाखाचा गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारायला बघतो. पहिली दोन वर्षं साधा लॅपटॉप आणि बरं इंटरनेट पुरतं. जड गणनेसाठी गूगल कोलॅब या संकेतस्थळावर गूगलचा ग्राफिक्स प्रोसेसर मर्यादेत का होईना, फुकट वापरता येतो.

आधी हजार रुपये घाला

लाखाच्या गोष्टी करण्याआधी हजाराची गोष्ट करून बघावी. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससी यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा ऑनलाइन वर्गांचा उपक्रम सुरू केला. त्याचे वर्ग आता स्वयम् या सरकारी व्यासपीठावर चालतात. नाव नोंदवायला पैसे नाहीत, व्हिडिओला पैसे नाहीत, दर आठवड्याच्या असाइनमेंटला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, तिची फी एका विषयाला १,००० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना त्याच्या निम्मी. शिकवणारेही नावाजलेले. आयआयटी मद्रासचे बलरामन रवींद्रन मशीन लर्निंग शिकवतात, मितेश खाप्रा डीप लर्निंग शिकवतात. हेच खाप्रा एआयफॉरभारत या गटाच्या संस्थापकांपैकी आहेत, जो गट मराठीसकट भारतीय भाषांसाठी यंत्रभाषांतराची मॉडेलं बनवतो आणि खुली करून टाकतो. अनेक अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांच्या मराठी प्रतीही एनपीटीईएलने तयार केल्या आहेत. त्यांची भाषा काही ठिकाणी अडखळते, पण इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलाला तेवढा आधार पुरतो.

बारा आठवडे असा एक विषय केला की स्वतःबद्दल जे कळतं ते कुठलाही काउन्सेलर सांगू शकत नाही. रविवारी रात्री असाइनमेंटची मुदत संपताना आपण काय करतो? अडलं तर परत व्हिडिओ बघतो की यूट्यूबवर दुसरं काही लावतो? नाही जमलं तर नुकसान हजार रुपयांचं, आणि तेही परीक्षेचा अर्ज भरला असेल तरच. जमलं तर तो विषय वायाही जात नाही: यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून करून त्यांचे क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) पदवीत धरता येतात. मात्र आपलं कॉलेज ते धरतं का, हे कार्यालयात जाऊन आधी लेखी विचारावं. तोंडी 'हो'ला निकालाच्या वेळी काही किंमत राहत नाही.

आयआयटी मद्रासची टप्प्याटप्प्याची पदवी

बारावीनंतरच्या मुलांना मी सगळ्यात आधी हिच्याबद्दल सांगतो. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये ही ऑनलाइन पदवी सुरू केली. आज तिचं नाव डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्समधली बीएस असं आहे. जेईई लागत नाही, वयाची अट नाही, बारावीची शाखा कुठलीही चालते. दहावीला गणित आणि इंग्रजी असलं म्हणजे झालं.

दार मात्र सताड उघडं नाही. अर्ज भरला की चार आठवड्यांचा अभ्यास मिळतो: गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी आणि संगणकीय विचारपद्धती. दर आठवड्याच्या असाइनमेंट पुऱ्या केल्या तर पात्रता परीक्षेला बसू देतात, आणि ती पास झालात तर प्रवेश. मला ही पद्धत भारी आवडते. एका दिवसाच्या तीन तासांत तुमची किंमत ठरवण्यापेक्षा चार आठवडे तुम्हाला शिकवून मग विचारतात, जमेल का पुढे?

पुढचे टप्पे असे. आधी पायाभूत पातळी: आठ विषय, ३२ क्रेडिट. मग दोन पदविका, एक प्रोग्रामिंगची आणि एक डेटा सायन्सची, प्रत्येकी २७ क्रेडिट. ११४ क्रेडिट झाले की बीएस्सी, १४२ झाले की चार वर्षांची बीएस. प्रत्येक टप्प्यावर थांबता येतं आणि तिथवरचा कागद मिळतो. मशीन लर्निंगचे विषय पदविकेतच येतात. डीप लर्निंग, एआयमधल्या शोधपद्धती वगैरे वरच्या पातळीवर. फी त्या-त्या सत्रात घेतलेल्या विषयांपुरतीच भरायची. पायाभूत पातळीचा दर क्रेडिटमागे १,००० रुपये राहिला आहे, म्हणजे तो सगळा टप्पा ३२,००० रुपयांचा. वर जाल तसा दर चढतो, आणि बीएसपर्यंतचा सगळा हिशेब साडेतीन-चार लाखांच्या घरात जातो. आकडे मधूनमधून बदलतात, तेव्हा भरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरचा चालू दर बघावा.

चार लाख ऐकून चेहरा पडला असेल तर थांबा. जात-प्रवर्ग आणि कुटुंबाचं उत्पन्न यांनुसार फीमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. पण इथे महाराष्ट्रातली मुलं कागदावर अडकतात. आपल्या सेतू केंद्रातून निघणारं ओबीसीचं प्रमाणपत्र बहुधा राज्याच्या नमुन्यातलं असतं, आणि केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेयर लागतं. शिवाय राज्याच्या ओबीसी यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. तहसील कार्यालयाच्या फेऱ्यांना किती दिवस लागतात ते तुम्हाला मी सांगायला नको. अर्जाची तारीख जवळ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा निकालाच्या आधीच हे कागद काढून ठेवा.

दुसरा न दिसणारा खर्च प्रवासाचा. शिकणं ऑनलाइन, परीक्षा मात्र केंद्रावर समोरासमोर. वर्षाला तीन सत्रं, प्रत्येक सत्रात दोन चाचण्या आणि एक अंतिम परीक्षा, म्हणजे वर्षातून नऊ वेळा मुंबई, पुणे, नागपूर असं एखादं मोठं शहर गाठायचं. पुण्यातल्या मुलाला त्याचं काही वाटणार नाही. गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूरला जायचं तर आदल्या दिवशी निघावं लागतं, मुक्काम करावा लागतो, सोबत कोणीतरी लागतं. मुलींना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. तरीही केंद्रावरची परीक्षा हा त्रास मला मान्य आहे. त्या पदवीला बाजारात किंमत आहे ती त्यामुळेच. घरी बसून, शेजारी मोबाइल ठेवून दिलेल्या परीक्षेचे गुण नोकरी देणाऱ्यालाही कळतात.

वेळेचा हिशेबही करा. एका विषयाला आठवड्याचे दहा तास धरले तर चार विषय म्हणजे चाळीस तास, पूर्णवेळ नोकरीच की. जे सोबत दुसरी पदवी किंवा नोकरी करतात त्यांनी सत्राला दोनच विषय घ्यावेत. दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीने एप्रिल २०२२ पासून परवानगी दिलेली आहे, त्यामुळे सांगलीत बीकॉम करत करत चेन्नईची ही पदवी करणं पूर्ण कायदेशीर आहे. कष्टाचं मात्र आहे.

इतर आयआयटीही आता या वाटेला आल्या आहेत. गुवाहाटीची डेटा सायन्स आणि एआयमधली बीएस्सी ऑनर्स कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर चालते. त्यांची तुलना करताना माझे दोनच प्रश्न असतात: पैसे विषयागणिक घेतात की वर्षागणिक, आणि मध्येच थांबलं तर काय मिळतं.

पन्नास हजारांतली एमसीए

ज्यांची पदवी झाली आहे आणि हातात पैसा बेताचा आहे, त्यांनी इग्नूकडे नाक मुरडू नये. १९८५ पासूनचं केंद्रीय मुक्त विद्यापीठ. त्यांची दोन वर्षांची एमसीए सत्राला १२,००० च्या आसपास पडते, म्हणजे सगळी मिळून पन्नास हजारांच्या आगेमागे. अभ्यासक्रमात आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड मशीन लर्निंग हा स्वतंत्र विषय आहे, डेटा सायन्स अँड बिग डेटा हाही आहे. मुंबई, पुणे, नागपूर इथे विभागीय केंद्रं आहेत. आणि गंमत म्हणजे पुस्तकं ईज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. प्रवेशाआधी एआयचं पुस्तक उतरवून घ्या, पहिलं प्रकरण वाचा, पचतंय का बघा.

उणिवाही सांगतो. इथे हात धरून शिकवणारं कोणी नाही. पुस्तकं कोरडी आहेत, आणि चॅटजीपीटीसारख्या नव्या भाषा-मॉडेलांच्या वेगाशी कुठलंच छापील पुस्तक टिकत नाही. पण इग्नूची एमसीए आणि एनपीटीईएलचे तीन-चार विषय ही जोडी केली तर पन्नास-साठ हजारांत कायदेशीर पदव्युत्तर पदवी आणि कामाचं ज्ञान, दोन्ही हाताशी येतात. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाईल. तरीही सरकारी भरतीची जाहिरात 'बी.ई. किंवा बी.टेक.' म्हणत असेल तर तिथे बीएस किंवा एमसीए चालेलच असं धरून चालू नका. जाहिरातीतली पात्रतेची ओळ शब्दन् शब्द वाचायची असते.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ चं, हे तालुक्यातालुक्यातल्या अभ्यासकेंद्रांमुळे जवळचं. संगणकाचा पाया तिथे स्वस्तात होतो, एआय पुढे दुसरीकडे करावं. पुढे एम.टेक. मनात असेल त्यांच्यासाठी आणखी एक दार २०२४ पासून उघडलं आहे: गेट परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आला आहे.

डॉलरमधली पदवी

हिंजवडीत किंवा पवईत नोकरी करणारे माझे जुने विद्यार्थी विचारतात ते परदेशाबद्दल. त्याची गोष्ट २०११ पासून सुरू होते. सेबॅस्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा एआयचा वर्ग इंटरनेटवर सगळ्यांना फुकट उघडला, आणि जगभरातून १ लाख ६० हजारांच्या आसपास लोकांनी नावं नोंदवली. थ्रून यांनी मग उडॅसिटी ही ऑनलाइन शिक्षणाची कंपनी काढली, आणि तिच्या साथीने अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन एमएस सुरू केली. अमेरिकेत याच पदवीला वर्गात बसून चाळीस-पन्नास हजार डॉलर सहज लागतात, तिथे ही सुमारे ७,००० डॉलरमध्ये होते, रुपयात सहा-सव्वासहा लाख. दहा विषय, पैसे घेतलेल्या विषयांपुरते, आणि पदवीवर 'ऑनलाइन' हा शब्द छापलेला नसतो. याच अभ्यासक्रमात प्राध्यापक अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरं द्यायला 'जिल वॉटसन' नावाची सहायक नेमली. सत्राच्या शेवटी कळलं की ती माणूस नसून प्रोग्राम होता. एआय शिकणाऱ्यांनाच एआयने चकवलं.

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाची थेट एआयमधली ऑनलाइन मास्टर्स २०२४ पासून चालू आहे, सुमारे १०,००० डॉलर. कोलोराडो बोल्डरची डेटा सायन्सची मास्टर्स कोर्सेरावर आहे. तिथे जुन्या गुणपत्रिका मागतच नाहीत. सुरुवातीचे ठरावीक विषय चांगल्या श्रेणीत पास झालात की प्रवेश झाला. ३० क्रेडिटचे मिळून पंधरा-सोळा हजार डॉलर पडतात, म्हणजे जॉर्जिया टेकच्या दुप्पट.

या पदव्या नोकरी टिकवून करणाऱ्यासाठी उत्तम. पण दोन भ्रम आधी काढून टाका. ऑनलाइन पदवीवर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. आणि भारतात पुढे पीएचडी, प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर परदेशी ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळणं हा वेगळाच खटाटोप आहे. त्याचं उत्तर पैसे भरायच्या आधी लेखी मिळवा. भारतीय कंपनीमार्फत परदेशी विद्यापीठाची पदवी विकतात त्याबद्दल तर यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये उघड इशाराच दिला होता की अशा पदव्यांना मान्यता नाही.

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे काय?

भाच्याच्या मोबाइलवरच्या त्या सहा हजारांकडे परत येऊ. कंपनी याला 'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी हप्ता, म्हणते. प्रत्यक्षात एखादी वित्तसंस्था तुमच्या नावाने कर्ज काढून सगळी रक्कम त्या कंपनीला देऊन टाकते, आणि तुम्ही तीन वर्षं वित्तसंस्थेचे देणेकरी होता. दुसऱ्या महिन्यात वर्ग आवडला नाही म्हणून तुम्ही सोडलात, तरी हप्ता थांबत नाही. थांबवलात तर सिबिल स्कोअर खाली जातो, आणि चार वर्षांनी घरकर्जाच्या टेबलावर ते भूत उभं राहतं. वर प्रमाणपत्राच्या वर्गावर १८ टक्के जीएसटी असतो, तो 'फक्त'च्या आकड्यात बऱ्याचदा धरलेला नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत दोन गोष्टी कर्जदाराच्या बाजूच्या आहेत. कर्ज देण्याआधी एकूण खर्च आणि वार्षिक दर सांगणारं विवरण द्यावंच लागतं. आणि कर्ज घेतल्यावर विचार बदलायला ठरावीक मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तितक्या दिवसांचं व्याज परत केलं की दंड न भरता सुटता येतं. ही मुदत अगदी छोटी असते, म्हणून आधार-ओटीपी सांगितल्याच्या संध्याकाळीच कागद वाचावा. भाच्याला मी हेच सांगितलं: ओटीपी म्हणजे सही. फोनवर कोणाला सही करून देतोस का?

त्या रात्री बारा वाजून गेले. स्कॉलरशिप संपली नाही. सकाळी दहाला पुन्हा फोन आला, आणखी वीस हजार कमी करून.

जानेवारीत त्याने एनपीटीईएलवर मशीन लर्निंगला नाव घातलं. परीक्षेचे पैसे अजून भरलेले नाहीत, आधी चार आठवडे बघतो म्हणाला. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन. मला वाटलं सोडतोय म्हणून सांगायला केला असेल.

"मामा, मॅट्रिक्सचा गुणाकार आडवा धरायचा की उभा? बारावीचं पुस्तक आईने रद्दीत घातलंय."